प्रश्न कुठे घडावा?

माहितीच्या अधिकारात एखादा तरी अर्ज केलेल्या माणसाला हे वाक्य पाठ असतं : ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ पहिल्यांदा ते वाचणारा चक्रावतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, तीस दिवस वाट पाहिली, आणि आता म्हणे तुम्ही प्रश्न विचारलात! प्रश्न नाही विचारायचा तर काय अभंग लिहून पाठवायचा?

राग रास्त आहे. पण असं उत्तर देणारा प्रत्येक अधिकारी लबाडच असतो असं नाही. २००५ च्या कायद्याने माहितीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात अभिलेख, परिपत्रकं, आदेश, रोजवह्या, करार, अहवाल, इतकंच काय, वापरलेल्या साहित्याचे नमुनेही येतात. थोडक्यात, कार्यालयाच्या ताब्यात जे आहे ते. ‘का’ मात्र कुठल्याच कपाटात ठेवलेला नसतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हे स्पष्ट केलं : एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन मागणं, हे माहिती मागणं नव्हे. कारण फाइलवर नोंदवलेलं असेल तर ती टिपणी मागता येते. नसेल तर अधिकाऱ्याने ते नव्याने रचून द्यावं असा आग्रह धरता येत नाही. त्यात महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम दुरुस्त करून आणखी दोन अटी घातल्या. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांत.

म्हणजे मनात आलेला प्रश्न आणि टेबलावर ठेवायचा प्रश्न यांत बरंच अंतर असतं. हे अंतर कापायचं कुठे, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न कसा लिहावा यावर पुस्तिका पुष्कळ निघाल्या आहेत. तो लिहिण्याआधी कुणापुढे आणि कुठे बसून तपासावा, यावर फारसं कुणी बोलत नाही.

उदाहरण जालन्याच्या मस्तगडाचं घेऊ. पहिला निजाम आसफजाह याच्या आज्ञेवरून १७२५ साली बांधलेली इथली गढी. पुढे तिच्यात नगरपालिकेची काही कार्यालयं आली, अशी नोंद औरंगाबाद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. तेव्हा जालना वेगळा जिल्हा झालेला नव्हता, तो झाला १९८१ मध्ये. घाणेवाडीचा निजामकालीन तलाव आणि जायकवाडीहून येणारी जलवाहिनी, असे दोन आधार असूनही या शहराला नळाला पाणी येण्याचे दिवस मोजायची सवय आहे. समजा, मस्तगडातल्या एका ताईंनी पाण्यावरून अर्ज करायचं ठरवलं. त्यांचा पहिला खर्डा असा असेल : ‘आमच्या गल्लीला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, बाजूच्या गल्लीला येतं, हा अन्याय का? जबाबदार अधिकाऱ्यांवर काय कारवाई करणार?’

हा खर्डा जसाच्या तसा गेला तर महिन्याने ते पाठ असलेलं वाक्य परत येणार. आता तोच खर्डा चार जाणत्या माणसांपुढे वाचला जातो अशी कल्पना करा. एक जण विचारतो, पाणी कुठल्या टाकीवरून येतं? दुसरा म्हणतो, वॉलमनला कुठल्या दिवशी कुठला वॉल फिरवायचा हे कोण सांगतं, आणि ते तोंडी की लेखी? तिसऱ्याला आठवतं की मागच्या वर्षी याच गल्लीत पाइप बदलला होता, म्हणजे कार्यारंभ आदेश निघाला असणार आणि मोजमाप पुस्तिकेत, एम.बी.त, त्याची नोंद असणार. टँकर आले असतील तर त्यांचं लॉगबुक असणार. अर्ध्या तासात ताईंच्या हातात वेगळाच कागद असतो. विषय : पाणीवितरण. कालावधी : १ मार्च ते ३१ मे. वर्णन : अमुक टाकीवरून पाणी सोडण्याचं लेखी वेळापत्रक, त्या काळात प्रत्यक्ष पाणी सोडल्याच्या नोंदवहीची प्रत. वहीच नसेल आणि उत्तर ‘निरंक’ असं आलं, तर तेही सोन्यासारखं. शहरात कुणाला किती पाणी दिलं याची नोंद ठेवली जात नाही, हे कार्यालयाने स्वतःच्या सहीनिशी कबूल केलेलं असतं.

यात ताईंचं काहीच गेलं नाही का? गेलं. ‘अन्याय’ हा शब्द गेला, ‘का’ गेला. म्हणून खर्डा तपासणाऱ्यांचं काम केवळ काटछाट करण्याचं नाही. गाळलेला भाग कुठल्या दारी न्यायचा हेही त्यांनी सांगायला हवं. कारवाईची मागणी तक्रार अर्जात जाईल किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात. आपल्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयाची कारणं कार्यालयाने आपणहून द्यायची असतात, असं याच कायद्याचं कलम ४ सांगतं. त्याची आठवण वेगळ्या पत्राने करून देता येईल. संतापाची जागा वॉर्डातल्या बैठकीत. एका कागदावर चार दारांची कामं लादली की चारही दारं बंद होतात.

अशी मदत खासदारांना मिळते, याची आपल्याला कल्पना नसते. लोकसभेच्या नियमांतही प्रश्न साधारण १५० शब्दांचा असावा, त्यात युक्तिवाद, अनुमानं, उपरोध आणि विशेषणं नसावीत, असं लिहिलेलं आहे. फरक इतकाच, की खासदाराच्या प्रश्नाला नियमांत बसवायला संपूर्ण सचिवालय असतं. नागरिकाला तीच शब्दमर्यादा आहे आणि हाताशी कुणी नाही.

मग त्याने जावं कुठे? पहिली जागा कायद्यानेच दाखवली आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात उतरवून देणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. माहिती मागणाऱ्याला वाजवी साहाय्य करणंही त्याच्याकडेच सोपवलं आहे. तरतूद चांगली आहे आणि काही अधिकारी ती मनापासून पाळतात. पण ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याच्याच पेनाने प्रश्न उतरला, की अडचणीचा कोपरा नकळत गुळगुळीत होतो. लबाडी नसली तरी सोय असते. ‘हे कशाला मागता, हे घ्या ना’ असं म्हणत तो जे सहज हाताला लागतं तेच पुढे करतो.

दुसरी जागा म्हणजे तहसील आणि कोर्टाच्या आवारात टंकलेखन यंत्र किंवा संगणक घेऊन बसलेला अर्ज लिहिणारा. त्याला नमुना पाठ असतो. मात्र तो कागदाचे पैसे घेतो, विचाराचे नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय, हे विचारायला त्याला फुरसत नसते. रांगेतल्या पुढच्या माणसाच्या अर्जातही तीच वाक्यं जातात.

तिसरी जागा म्हणजे गावातला माहिती अधिकार कार्यकर्ता. त्याचे महाराष्ट्रावर उपकार आहेत. २००२ चा राज्याचा कायदा आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी २००३ मध्ये आझाद मैदानावर झालेलं अण्णा हजारे यांचं उपोषण, ही सारी पूर्वपीठिका अशाच लोकांनी घडवली. तरीही एक धोका राहतो. प्रश्न त्याच्याकडे गेला की हळूहळू तो त्याचा होतो. ताईंना गल्लीतलं पाणी हवं असतं, त्याला एखादा ठेकेदार हवा असतो. अर्ज जातो, अपील होतं, वर्तमानपत्रात बातमी येते, आणि पाणी आठ दिवसांनीच येतं.

या तिन्ही जागांपेक्षा बरी अशी एक चौथी जागा आहे आणि ती काल्पनिक नाही. पुण्यात मॉडेल कॉलनीतल्या चित्तरंजन वाटिकेत रविवारी सकाळी माहिती अधिकार कार्यकर्ते विजय कुंभार यांनी ‘आरटीआय कट्टा’ सुरू केला. लोक आपले अर्ज, आलेली उत्तरं, फेटाळलेली अपिलं घेऊन येतात आणि चारचौघांत वाचतात. बागेतला बाक, ना टेबल ना शिक्का. इथे शहाणा सल्ला मिळतो ही गोष्ट आहेच. माझ्या लेखी त्याहून महत्त्वाचं हे, की आपला कच्चा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतो, आणि त्यातली भोकं तिथल्या तिथे दिसतात. शिवाय त्याच कार्यालयात तोच प्रश्न आधी विचारून हात पोळलेला कुणीतरी शेजारी बसलेला असतो. त्याचा अनुभव कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नसतो.

जालन्याला ही रीत परकी नाही. फक्त ती कचेरीत नाही, शेतात आहे. शहराजवळच्या खरपुडीला मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे दर महिन्याच्या पाच तारखेला कृषी विज्ञान मंडळाचं चर्चासत्र भरत आलं आहे. शास्त्रज्ञ येतात, शेतकरी प्रश्न विचारतात. जिथे शेतकरी असे एकत्र बसतात तिथे प्रश्न कसा घडतो, ते पाहण्यासारखं असतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण फळगळ काही मानांकन पाहून थांबत नाही. ‘फळं का गळतात?’ असं एखाद्याने विचारलं की शास्त्रज्ञाच्या आधी शेजारचाच बोलतो : कुठला बहार धरला, आंबे की मृग? बाग किती वर्षांची? पाणी किती दिवसांनी? जमीन भारी की हलकी? चार उलट प्रश्नांनंतर मूळ प्रश्न असा होतो : ‘हलक्या जमिनीत आंबे बहाराच्या बागेला पाण्याची पाळी लांबली आणि मग एकदम भरपूर पाणी दिलं; त्यानंतर आठवड्यात गळ वाढली, आता काय करू?’ याला उत्तर देता येतं. बरेचदा उत्तराचं अर्धं अंग प्रश्नातच आलेलं असतं.

शेतकऱ्याला हे जमतं, कारण तिथे अडाणी प्रश्न विचारायची लाज नसते. कचेरीत ती असते. म्हणूनच खर्ड्याची जागा अधिकृत टेबलापासून वेगळी हवी, हा माझा मुख्य आग्रह आहे. टेबलावर गेलेला प्रत्येक अर्ज नोंदवहीत चढतो, त्याला आवक क्रमांक पडतो, तो तुमच्या नावावर कायमचा राहतो. ‘हा अर्जदार नेहमी मोघम मागतो’ अशी ख्याती एकदा झाली, की चौथा नेमका अर्जही त्याच नजरेने वाचला जातो. चुकायची मुभा असलेली जागा आधी मिळाली, तर जिथे चूक महाग पडते तिथे ती टळते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. प्रश्न चारचौघांत उघडा केला तर तो फुटणार नाही का? ज्याच्याविरुद्ध कागद मागायचे त्याच्या कानावर ते गेलं तर कागद गहाळ होतील, किंवा माणूसच. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली; जमिनीच्या व्यवहारांवर ते माहिती काढत होते. हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण अर्ज टेबलावर पडला की तो तसाही गुप्त राहत नाही. अर्जदाराचा नाव-पत्ता कार्यालयात सर्वांना दिसतो. एकट्याने विचारलेला प्रश्न त्या एकट्याबरोबर संपवता येतो. वीस जणांनी मिळून घासलेला प्रश्न उद्या त्यातला कुणीही स्वतःच्या नावाने पुन्हा विचारू शकतो, आणि हे माहीत असणं हेच थोडंफार संरक्षण आहे. फार नाजूक प्रकरण असेल तर नावं आणि सर्व्हे नंबर झाकून फक्त प्रश्नाचा सांगाडा वाचावा. भोकं सांगाड्यातही दिसतात.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो. खर्ड्याची जागा हळूहळू चौकी बनते. ‘कट्ट्यावर दाखवलंत का?’ असं अधिकारी विचारू लागले, किंवा कट्ट्यावरचे जुने लोकच नव्या माणसाचा प्रश्न फालतू ठरवू लागले, तर नागरिकाचा हक्क दोनदा गाळला जाईल. कायद्याने अर्जदाराला कारण सांगण्याचंही बंधन घातलेलं नाही. तिथे कुणा पंचांची संमती लागण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून कट्ट्याचा पहिला नियम असा हवा, की शेवटचा शब्द विचारणाऱ्याचा. सगळ्यांनी डोकं हलवून नको म्हटलं, तरी तो अर्ज घेऊन जाऊ शकतो.

हे जमवायला इमारत, निधी, समिती काही लागत नाही. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फाइली पाहू देण्याची पद्धत पाडली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती इतर महापालिकांत आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत लागू केली. २०२३ पासून जालन्यातही महानगरपालिका आहे. सोमवारी फाइल पाहता येत असेल, तर रविवारी तिच्याबद्दल बोलायला मस्तगडात एखादा पार, वाचनालयाची एखादी खोली, नाहीतर चहाच्या टपरीसमोरचा बाक पुरे. ठिकाण दप्तराच्या इतकं जवळ असावं, की शंका आली तर दुसऱ्या दिवशी जाऊन वही पाहता यावी. पण दप्तर सांभाळणाऱ्याची नजर पडेल इतकं जवळ नसावं. तिथे एक फाइल ठेवावी, आधीचे अर्ज आणि त्यांना आलेली उत्तरं लावलेली, नावं खोडून. अर्ध्या नव्या प्रश्नांची उत्तरं त्या फाइलमध्येच सापडतील आणि तितकेच अर्ज कमी जातील. ऊठसूट अर्जांनी कार्यालय तुंबतं अशी तक्रार करणाऱ्यांनी तर या कट्ट्याला बसायला सतरंजी पुरवायला हवी.

शासनाने छापलेल्या जोडपत्र ‘अ’ या नमुन्यात तीन ओळी आहेत : माहितीचा विषय, कालावधी, हव्या असलेल्या माहितीचं वर्णन. या तीन ओळी भरता येणं ही नागरिकशास्त्राची खरी परीक्षा आहे, आणि तिचा अभ्यास एकट्याने करायचा नसतो. वीस वर्षांत आपण अर्ज देण्याचा हक्क मिळवला आणि राबवला. प्रश्न नीट घडवण्याची सोय मात्र प्रत्येकाच्या नशिबावर सोडून दिली. जोवर ती सोय गावोगाव होत नाही, तोवर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची’ हे वाक्य टंकलेलं तयारच असेल, आणि त्याचा फायदा नेमका त्यांनाच होईल ज्यांना नेमका प्रश्न नको आहे.