शुद्धोदक

पंचामृतस्नानानंतर देवास शुद्धोदकाने स्नान घालण्याची आपली परंपरा आहे. सुलतान बाजारातील आपल्या घरोघरी हे शुद्धोदक नळातून येते. परंतु ते शुद्ध कोणी केले, हा विचार ताम्हन पुढे ओढताना क्वचितच मनात येतो.

दि. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस महापूर आला आणि सहस्रावधी माणसे प्राणांस मुकली. पुढील वर्षी निजाम सरकारच्या निमंत्रणावरून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथे आले. पुण्याजवळील खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे जनक ते हेच. त्यांच्या योजनेस अनुसरून मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पूर आवरावा आणि नगरास पेयजल मिळावे, हा दुहेरी हेतू होता. उस्मानसागराचे पाणी आसिफनगरच्या गाळणकुंडांत येऊन मग नगरात खेळू लागले. योजना म्हैसूरकडील अभियंत्याची, द्रव्य निजामाच्या राज्याचे आणि दगडमाती वाहणारे हात असंख्य अनामिकांचे! त्या हातांची जात कोणत्याही नळास ठाऊक नाही.

जलशुद्धीची रीतही मननीय आहे. गढूळ पाण्यात तुरटी घातली की विखुरलेले सूक्ष्म कण एकत्र येतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळून क्लोरीनने निर्जंतुक करतात.

आता दुसरी एक शुद्धी पाहा. ज्या १९२७ साली हिमायतसागर पूर्ण झाला, त्याच वर्षी २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधी अनुयायी प्याले. आणि पुढे काही सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ केली! पहिल्या शुद्धीने पाणी सर्वांस पिण्याजोगे झाले. दुसरीने माणसास पाण्यापासून दूर लोटले. यांतील धर्म कोणता?

कोणी म्हणेल, सोवळे ही मनाच्या एकाग्रतेची शिस्त आहे. तिची यंत्राशी तुलना कशाला? आक्षेप अगदीच निराधार नाही. स्नान करून, धूतवस्त्र नेसून देवापुढे बसणारा स्वतःवर नियम घालून घेतो. त्यात कोणाचेच अहित नाही. परंतु तोच नियम दुसऱ्याच्या तहानेवर लादला की त्याचे व्रतपण संपते आणि अन्याय उरतो. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी तो केला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. न करण्यात मात्र आहे.

शुद्धता ही इतरांना दूर ठेवून राखावयाची ठेव नसून अनेकांनी मिळून निर्माण करावयाची वस्तू आहे. जे पाणी आपण मोरीत सोडतो, तेही पुढे कोणाला तरी शुद्ध करावे लागते. तेव्हा निर्माल्य मुसीत टाकू नये, नळ वाहता ठेवू नये आणि तुंबलेले गटार साफ करावयास येणाऱ्या माणसास पाणी देताना निराळे भांडे शोधू नये. एवढे आपल्या हातून घडले, तर देवावर घातलेले उदक खरोखर शुद्ध होईल. तशी बुद्धी त्याने आपणां सर्वांस द्यावी, हीच प्रार्थना.