उसन्या कामावर आपलें नांव घालावें काय?

गोंदिया जिल्ह्यांतल्या धान पिकविणाऱ्या गांवांतूनही आतां एखादा मुलगा किंवा मुलगी संकेतस्थळें रचण्याची विद्या शिकावयास जाते. आईबापांना ती विद्या दिसत नाहीं. मूल रात्रीं पडद्यासमोर बसलेलें दिसतें, एवढेंच. म्हणून पहिल्या वर्षीं काय शिकवितात तें थोडक्यांत सांगतों. प्रथम एचटीएमएल नांवाच्या खुणा येतात; हें शीर्षक, हा परिच्छेद, हें चित्र, असें त्या यंत्रास कळवितात. मग सीएसएस, म्हणजे रंग व मांडणी. त्यानंतर जावास्क्रिप्ट, जिच्या योगानें बटण दाबतांच पान कांहीं करूं लागतें. येथें पुष्कळ विद्यार्थी अडखळतात.

आणि येथेंच मोह उभा राहतो. ह्या विद्येंत तयार मजकूर जागोजाग फुकट मिळतो. कोणतेंही पान उघडून त्याच्या आंतल्या खुणा पाहतां येतात. आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी निघाल्यापासून तर मागतांच सबंध मजकूर लिहून देणारें यंत्र हाताशीं आलें आहे. विद्यार्थी तो उतरून घेतो, पान चालूं लागतें, व खालीं तो आपलें नांव घालतो. हें असत्याचरण आहे काय?

कोणी कडक मनुष्य म्हणेल, ही सरळ चोरी होय. मला तसें वाटत नाहीं. टिम बर्नर्स-ली ह्यांनीं १९८९ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संस्थेंत ह्या जाळ्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजीं त्या संस्थेनें तें सर्वांस विनामूल्य खुलें केलें. दान म्हणून आलेल्या विद्येंतून घेणाऱ्यास चोर म्हणणें शोभत नाहीं. (कर्त्यानें अट घातली असेल तर ती अर्थातच पाळावी.) शिवाय रोवणा तरी पुस्तकांतून कोण शिकलें? पोर आईशेजारीं बांधींत वांकतें, तिच्या बोटांकडे पाहतें, आणि तसें करूं लागतें. पऱ्हे शेजाऱ्याकडून आणलेले असले, तरी रोवून राखलेलें पीक आपलेंच म्हणतात.

तेव्हां दोष घेण्यांत नाहीं. न समजतां 'हें माझें' म्हणण्यांत आहे. त्यानें केवळ गुरुजी फसतात असेंही नाहीं.

एक लहानसें उदाहरण घेऊं. पानाच्या तयार सांगाड्यांत अगदीं वर, पान कोणत्या भाषेचें आहे हें सांगणारी खूण असते, आणि बहुधा तेथें इंग्रजीची खूण असते. विद्यार्थी सांगाडा जसाचा तसा उतरतो व खालीं मराठींत धानखरेदीची माहिती लिहितो. डोळसास कांहींच उणें दिसत नाहीं. परंतु ज्यास दृष्टि नाहीं, तो पान मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या यंत्रावर विसंबतो. तें यंत्र त्या खुणेवर भरंवसा ठेवून इंग्रजी आवाज लावतें, आणि मराठी शब्द वेडेवांकडे उच्चारतें किंवा अजिबात गाळतें. (कांहीं यंत्रें भाषा ओळखून सांवरून घेतात, सगळीं नाहीं.) बर्नर्स-ली ह्यांनींच १९९४ सालीं स्थापिलेल्या मंडळानें २००८ सालच्या आपल्या निर्देशांत ही खूण अगदीं पहिल्या पायरीच्या नियमांत घातली आहे. बदलावयाचीं असतात फक्त दोन अक्षरें.

ज्यानें ती ओळ समजून घेतली, त्यास हें काम क्षणाचें. ज्यानें नुसती उतरली, त्यास आपण कोणास दाराबाहेर ठेवलें हें कळतही नाहीं. आणि तो अंध मनुष्य तक्रार करावयास येणार नाहीं. त्यास वाटेल, पानच रिकामें आहे.

पहिल्याच वर्षीं सर्व कांहीं समजावें, अशी अपेक्षा अर्थात् अन्यायाची होईल. मुरलेले कारागीरही दुसऱ्यांचें पुष्कळ न वाचतां वापरतात. त्यांतून ज्याची फी धान विकून भरली आहे, त्यास घाई असते. तरी एवढें त्यास करतां येईल: उतरलेली एक ओळ काढली तर काय बिघडेल हें आधीं सांगावें, मग काढून पाहावें. जें सांगतां येत नाहीं, तें उसनें आहे असें पानाच्या शेवटीं लिहावें. नांव घालावयाचें तें उरलेल्यावर.

घरच्यांनाही ह्यांत काम आहे. मूल आपलें पहिलें पान दाखवील तेव्हां रंगांची वाहवा थोडी मागें ठेवावी. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलांत टॉकबॅक नांवाची वाचून दाखविण्याची सोय असते. ती चालू करावयास सांगावें, डोळे मिटावे, आणि पान काय बोलतें तें ऐकावें.