शत्रूच्या गावी बिऱ्हाड

१८ एप्रिल १९४२ रोजी एका अमेरिकन विमानातून जपानमधल्या नागोया शहरावर आगबॉम्ब पडले. ते टाकणारा जेकब डीशेझर तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. १९५९ साली हाच माणूस बायकामुलांसह त्याच नागोयात राहायला आला आणि तिथे त्याने चर्च उभं केलं. मधल्या काळात तो चाळीस महिने जपान्यांच्या कैदेत होता, त्यातले चौतीस महिने एकांतकोठडीत.

ख्रिस्ती जगात ही गोष्ट फार सांगितली जाते, आणि बहुधा चमत्कार म्हणून. पण एकदा चमत्कार म्हटलं की ऐकणाऱ्याची सुटका होते. तो थोर होता, त्याला जमलं. आपण हात जोडायचे आणि आपल्या वाटेला लागायचं. मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा कष्ट अधिक दिसतात. दोन देशांमध्ये, दोन समाजांमध्ये रक्त सांडल्यानंतर समेट होतो म्हणजे काय होतं, कोण कोणाला क्षमा करू शकतं आणि केलेली क्षमा कशावर टिकते, या प्रश्नांशी मी बरीच वर्षं झगडतो आहे. डीशेझरच्या आयुष्यात त्यांची काही उत्तरं सापडतात, आणि एक प्रश्न असा सापडतो की ज्याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मद्रास नावाचं एक छोटं गाव आहे. डीशेझर तिथे वाढला. घर धार्मिक, पण त्याचं स्वतःचं मन काही धर्मात रमलं नाही. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा तो लष्करी छावणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. संतापाने त्याने हातातला बटाटा भिंतीवर फेकला आणि जपान्यांना याची किंमत मोजावी लागेल, असं ओरडला. पुढे एका धोक्याच्या, गुप्त मोहिमेसाठी माणसं हवी आहेत असं कळल्यावर त्याने लगेच नाव दिलं.

डूलिटल यांच्या नेतृत्वाखालची ती मोहीम. हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून सोळा विमानं आणि ऐंशी माणसं निघाली. जहाजावर परत उतरणं शक्य नव्हतं. बॉम्ब टाकून चीन गाठायचं, असा बेत होता. डीशेझरचं विमान सोळावं, म्हणजे शेवटचं. इंधन संपल्यावर त्यातल्या पाचही जणांनी रात्रीच्या अंधारात हवाई छत्र्यांनी उड्या घेतल्या आणि ते जपानच्या ताब्यातल्या चिनी मुलखात जाऊन पडले.

या मोहिमेतले आठ जण जपानच्या हाती लागले. नावापुरता खटला होऊन आठही जणांना देहदंड सुनावला गेला. पाच जणांची शिक्षा सम्राटाच्या आदेशाने जन्मठेपेवर आली. उरलेल्या तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ रोजी शांघायमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले दोघे, वैमानिक फॅरो आणि तोफची स्पॅट्झ, डीशेझरच्याच विमानातले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये रॉबर्ट मेडर हा सोबती कोठडीतच उपासमारीने आणि आजाराने गेला.

मेडरच्या मृत्यूनंतर कैद्यांना जरा बरं अन्न आणि मोजकी पुस्तकं मिळू लागली. त्या पुस्तकांत एक बायबल होतं. डीशेझर हुद्द्याने अधिकारी नव्हता, म्हणून त्याची पाळी शेवटी आली. मे १९४४ मध्ये ते पुस्तक तीन आठवड्यांसाठी त्याच्या हाती पडलं. अक्षर बारीक, कोठडीत उजेड बेताचा. तरी त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुस्तक परत द्यावं लागणार म्हणून उताऱ्यांमागून उतारे पाठ केले. क्रुसावर खिळलेला येशू मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करतो, तिथे तो अडला. ८ जून १९४४ हा दिवस तो आपला नवा जन्म मानत असे.

बाहेरून काहीच बदललं नव्हतं. कोठडी तीच, भूक तीच, पहारेकरी तेच. एके दिवशी एका पहारेकऱ्याने त्याला ढकलत कोठडीत कोंबलं आणि दार लोटलं. डीशेझरचा पाय दारात अडकला. दार उघडायचं सोडून तो पहारेकरी नाल ठोकलेल्या बुटाने त्या अनवाणी पायावर लाथा मारत राहिला. डीशेझरने कसाबसा पाय सोडवला. मनात द्वेष उसळून आला, पण शत्रूवर प्रेम करा ही आज्ञाही पाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पहारेकरी आला तेव्हा डीशेझरने त्याला जपानी भाषेत नमस्कार केला. पहारेकरी चक्रावला. एकट्याने बंद राहून याचं डोकं फिरलं असावं, असंच त्याला वाटलं असेल. पण रोज सकाळी तो नमस्कार येत राहिला. काही दिवसांनी पहारेकरी दाराशी थांबून बोलू लागला. डीशेझरने त्याला घरच्यांबद्दल विचारलं. आणि एके दिवशी त्या माणसाने दारातून उकडलेलं रताळं आत दिलं.

या प्रसंगाचा शेवट सहसा डीशेझरच्या मोठेपणावर होतो. मला तो रताळ्यावर व्हावासा वाटतो. डीशेझरनेच लिहिलं आहे की बायबल वाचल्यावर पहारेकऱ्यांबद्दलचा त्याचा द्वेष ओसरला आणि त्यांची कीव येऊ लागली. कीव ही द्वेषापेक्षा चांगलीच, पण कीव करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. बिचाऱ्यांना ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, ही त्याची भूमिका. मिशनरी आयुष्याचा हा जुना धोका आहे, आणि फक्त ख्रिस्ती मिशनऱ्यांचा नाही. सेवा करायला निघालेल्या प्रत्येकाचा आहे. रताळं हातात आलं तेव्हा भुकेला डीशेझर घेणारा झाला आणि पहारेकरी देणारा. ज्याने आपल्याला दुखावलं त्याच्या हातून काही घेता येणं, हे त्याला क्षमा करण्यापेक्षा अवघड आहे. घेताना आपली वरची पायरी सोडावी लागते. समेटाची सुरुवात मी इथे धरतो.

२० ऑगस्ट १९४५ रोजी चौघे जिवंत सुटले. डीशेझर अमेरिकेत परतला, सिएटल पॅसिफिक कॉलेजात शिकला, फ्लॉरेन्सशी त्याचं लग्न झालं आणि १९४८ च्या डिसेंबरात दोघं तान्ह्या मुलाला घेऊन जपानमध्ये उतरले. तो आयुष्याची जवळपास तीस वर्षं त्या देशात राहिला.

त्या काळाचं चित्र सरळ नव्हतं. जपान तेव्हा अमेरिकन फौजांच्या ताब्यात होता आणि जनरल मॅकआर्थर मिशनऱ्यांना जपानमध्ये येण्याचं जाहीर आवाहन करत होते. जेत्याच्या निशाणाखाली आलेला धर्मप्रचारक जितांच्या मनात शंका उभी करतोच. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. मिरजेच्या वानलेस इस्पितळाबद्दल आणि नगरच्या मिशन शाळांबद्दल आपल्याला कृतज्ञता आहे, आणि धर्मांतराबद्दलची धुसफूसही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन्ही भावना खऱ्या आहेत. जपानपुरतं सांगायचं तर मॅकआर्थर यांची आशा फळली नाही. तिथे ख्रिस्ती लोकांचं प्रमाण आजही एक टक्क्याच्या आसपास आहे. डीशेझरचं काम धर्मांतरांच्या आकड्यांनी मोजायचं ठरवलं तर ते लहानच ठरेल.

पण त्याला दुसरं माप लावता येतं. तो कोणत्या शहरात गेला ते पाहा. १९४५ मध्ये अमेरिकन विमानांनी नागोया भाजून काढलं होतं. तिथला जुना किल्लाही त्या मे महिन्यात जळाला. १९४२ मधल्या पहिल्या आगबॉम्बांत डीशेझरचा स्वतःचा हात होता. १९५९ सालीच इसेवान वादळाने त्या भागाची दैना केली आणि सुमारे पाच हजार माणसं गेली. अशा शहरात तो बिऱ्हाड घेऊन आला. जपानने आपल्याला छळलं हे त्याला सांगता येत होतं, आणि मी तुमच्या शहरावर आग टाकली हेही त्याला सांगावं लागत होतं. क्षमा करणारा आणि क्षमेची गरज असलेला, असे दोघे एकाच देहात त्या गावात वावरत होते. देशांचे पुढारी व्यासपीठावरून बोलतात तेव्हा नेमकं हेच घडत नाही. प्रत्येक देश आपल्या वहीत येणं लिहितो. देणं लिहिण्याचं पान कोरं राहतं.

डीशेझरच्या कैदेची हकीकत सांगणारी एक पत्रिका जपानीत छापून लाखोंनी वाटली गेली. टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर ती मित्सुओ फुचिदाच्या हाती पडली. पर्ल हार्बरवरच्या विमानहल्ल्याचं प्रत्यक्ष नेतृत्व करणारा हाच तो अधिकारी. युद्धानंतर तो कडवट झाला होता. जेते जितांवर खटले चालवतात, हे त्याला ढोंग वाटत होतं. अमेरिकेतून सुटून आलेल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून त्याने पेगी कोव्हेल या तरुणीबद्दल ऐकलं होतं. तिचे आईवडील जपानमध्ये शिकवणारे मिशनरी. पुढे ते फिलिपिन्सच्या पनाय बेटावर गेले आणि डिसेंबर १९४३ मध्ये जपानी सैनिकांनी त्यांना ठार केलं. त्यांची मुलगी अमेरिकेत जखमी जपानी युद्धकैद्यांची शुश्रूषा करत होती. सूडाला धर्म मानून वाढलेल्या फुचिदाला हे उलगडेना. मग ती पत्रिका मिळाली, मग बायबल, आणि तो ख्रिस्ती झाला. १९५० मध्ये तो डीशेझरला भेटला. पर्ल हार्बर आणि मिडवेच्या लढाईबद्दलच्या फुचिदाच्या काही दाव्यांवर इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, तेव्हा त्याच्या शब्दांवर विसंबताना सावध राहायला हवं. पण पुढचं अख्खं आयुष्य त्याने जपानमध्ये आणि अमेरिकेत जाऊन आपली कहाणी सांगण्यात घालवलं, हे उघड आहे.

इथवर आलं की बहुतेक लेखक थांबतात. नागोयावर बॉम्ब टाकणारा आणि पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकणारा एकमेकांचे भाऊ झाले, याहून सुंदर शेवट कोणता? मला मात्र इथेच सगळ्यात मोठी बोच लागते. या भेटीत चीन कुठे आहे?

त्या सोळा विमानांपैकी पंधरा चीनच्या रोखाने आली. बहुतेक वैमानिक वाचले ते चिनी खेडुतांमुळे. त्यांनी परक्यांना घरात लपवलं, जखमा बांधल्या, वाटा दाखवल्या. त्याची शिक्षा म्हणून आणि पुन्हा असा हल्ला होऊ नये म्हणून १९४२ च्या मे ते सप्टेंबरमध्ये जपानी फौजांनी झेजियांग आणि जिआंगशी प्रांत उद्ध्वस्त केले. गावं जाळली, आणि माघार घेताना रोगजंतू पसरवले. चिनी अंदाजानुसार अडीच लाख नागरिक मारले गेले. त्या भागातल्या कॅथलिक मिशनऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. मिशनरी आयुष्याचं हे दुसरं काम, साक्षीदाराचं, फारसं कोणी आठवत नाही. पण जिथे वार्ताहर पोहोचत नव्हते तिथे हे लोक राहत होते, म्हणूनच आज ती नोंद आपल्या हाताशी आहे.

डीशेझरने स्वतःवर झालेल्या छळाची क्षमा केली. तो अधिकार त्याचा होता. फॅरो आणि स्पॅट्झच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो त्यांच्या घरच्यांनाही पुरता नव्हता. आणि झेजियांगमधल्या ज्या शेतकऱ्याचं घर अमेरिकन वैमानिकाला आसरा दिला म्हणून जळलं, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार अमेरिकेला नव्हता आणि जपानलाही नव्हता. दोन बलवान देश एकमेकांशी गोड झाले की त्यांच्या मध्ये चिरडलेला तिसरा गप्प बसवला जातो. तो कुरकुरला तर जुनं उकरून काढतो म्हणून त्यालाच दोष दिला जातो. समेटाच्या प्रत्येक सोहळ्यात मी आता हा तिसरा शोधतो.

क्षमा आली म्हणजे न्याय नको, असंही नाही. डीशेझरच्या सोबत्यांवर खटल्याचा देखावा करणाऱ्या जपानी अधिकाऱ्यांवर १९४६ मध्ये शांघायमध्ये खटला चालला, त्यांना शिक्षा झाल्या. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. ओडिशातल्या बारिपाद्यात कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर गावी गाडीत झोपेत जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं. कायदा आपल्या गतीने चालत राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य दोषी दारा सिंगची जन्मठेप कायम केली. ग्लॅडिसबाईंचा शब्द आणि न्यायालयाचा निकाल एकमेकांच्या आड आले नाहीत. क्षमा माणसाने द्यायची असते, शिक्षा राज्याने. शोक करणाऱ्या बाईने क्षमा केली म्हणून गुन्हेगाराला मोकळं सोडा, असं जो म्हणेल तो तिच्या दुःखाचा फायदा घेत असतो. आणि ग्लॅडिसबाईंच्या शब्दाला वजन आलं ते त्या मुलगी एस्थरसह बारिपाद्यातच राहिल्या म्हणून. पतीचं कुष्ठरुग्णांचं काम त्यांनी पुढची पाच वर्षं चालू ठेवलं.

डीशेझर आणि ग्लॅडिस स्टेन्स यांच्यात मला हाच धागा दिसतो. दोघांनीही क्षमा बोलून दाखवली आणि मग ज्यांना क्षमा केली त्यांच्याच लोकांच्या शेजारी राहिले. त्याच लोकांची भाषा, त्यांचा बाजार, त्यांची आजारपणं, त्यांच्या वादळांची झळ हे सगळं अंगावर घेतलं. श्रद्धेने त्यांचं दुःख हलकं केलं की नाही हे बाहेरून कोणी सांगू नये. त्या दुःखासकट त्याच गावात उभं राहण्याचं बळ तिने दिलं, एवढं मात्र दिसतं. ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांना हे बळ दुसरीकडून आणावं लागेल, पण आणावं लागेल खास. करार सह्यांनी होतात. माणसांमधला विश्वास मात्र कोणी तरी शेजारी येऊन राहिल्याशिवाय उगवत नाही.

म्हणून कुठेही दोन समाजांचा समेट झाल्याची घोषणा कानावर आली, की तीन गोष्टी विचाराव्यात, असं मला वाटतं. दोन्ही बाजूंनी आपलं देणं मोठ्याने वाचून दाखवलं का? व्यासपीठावर ज्याला खुर्ची दिलेली नाही असा कोणी तिसरा आहे का? आणि उद्यापासून कोण कोणाच्या वस्तीत राहायला जाणार आहे? नागोयाने पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं उत्तर झेजियांगच्या खेड्यांना आजही मिळालेलं नाही, आणि ते मागत राहण्याचा त्यांचा हक्क कोणाच्याही गळाभेटीने संपत नाही.