कागदावरची रेघ : हुनर आणि अमानत

पट्टी, कंपास आणि गुण्या घेऊन काढलेल्या आकृतीत नीतीचा प्रश्न कुठून आला, असे कोणी विचारील. खोटे बोलावे की नाही, व्याज घ्यावे की नाही, हे नीतीचे प्रश्न. दाराची चौकट किती मिलिमीटर, हा तर हिशेबाचा प्रश्न. आम्हांला मात्र वाटते की तांत्रिक आरेखन शिकणे हे हुनर शिकण्याइतकेच अखलाक शिकणे आहे. आपल्या समाजाने या विद्येकडे ज्या नजरेने पाहिले, त्यात एक अन्यायही दडलेला आहे, आणि तो आपणच आपल्या मुलांवर करीत आलो आहोत.

पारोळ्यासारख्या गावात हुनराची वाण नाही. धुळे-जळगाव रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. बाजारातून चक्कर मारली तर रंधा मारणारा सुतार दिसतो, लोखंडी जाळ्या जोडणारा वेल्डर दिसतो, ओळंबा सोडून भिंत पाहणारा गवंडी दिसतो. आठ सूत म्हणजे एक इंच हे कोष्टक त्यांच्या बोटांत बसलेले असते. लाकडाला हात लावून ते किती सुकले आहे हे सांगणारी माणसे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. पण काम मोठे असले, दुकानाची सजावट असली, सभागृहाचा रंगमंच असला, की कागद बाहेरून येतो. कागद आणणाऱ्याचा दर वेगळा, मिस्तरीचा रोज वेगळा. जो कागद वाचू शकत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. चूक निघाली तर ती कागदाची की हाताची, याचा न्यायही कागदवालाच करतो.

गावातला भुईकोट किल्ला १७२७ सालचा. तो जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधला, असे आपण सहज म्हणतो. दगड घडवणाऱ्याचे नाव त्या वाक्यात येत नाही. नाव कागदाबरोबर जाते, ही जगाची जुनी रीत आहे.

आता हा कागद म्हणजे काय ते पाहू. चित्रकार वस्तू डोळ्यांना दिसते तशी काढतो. दूरचे लहान, जवळचे मोठे. आरेखक वस्तू असते तशी काढतो. वरून पाहिली तर कशी, समोरून कशी, बाजूने कशी, मधोमध कापली तर आत काय, अशी एकाच वस्तूची अनेक दर्शने तो मांडतो. दिसणारी कड जाड, सलग रेषेने. मागे लपलेली कड तुटक रेषेने. मध्यरेषा लांब-आखूड खंडांची. भारतात प्रथम कोन पद्धत प्रमाण मानली आहे, म्हणून वरचे दर्शन समोरच्या दर्शनाच्या खाली येते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते, तिथे तेच वर येते. कोणती पद्धत वापरली हे एका लहानशा खुणेने कागदावर सांगावे लागते. न सांगितले तर उजवी बाजू डावी होऊन बसते.

या नियमांत आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो तुटक रेषेचा नियम. जे दिसत नाही पण आहे, ते लपवायचे नाही. आत खोबण असेल, पोकळी असेल, तर ती सांगायचीच. दुसरा नियमही तसाच. कागदावर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेला आकडा धरावा. कागद आकसतो, नक्कल काढताना लहानमोठी होते. आकडा मात्र आरेखकाचा शब्द असतो. आणि कागदाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कोणी काढले, कोणी तपासले, तारीख काय, प्रमाण काय, दुरुस्ती कितवी, हे लिहून सही करायची. म्हणजे हा करारच झाला. फरक इतकाच की दुसरा पक्ष समोर नसतो. ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही अशा माणसाच्या हातात तो कागद पडणार असतो, आणि त्याची मजुरी, त्याचे लाकूड, कधी त्याचा जीवही त्या आकड्यावर अवलंबून असतो. गैरहजर माणसाचे हित सांभाळणे यालाच आपल्याकडे अमानत म्हणतात. मापात घट करणाऱ्यांसाठी कुरआनात अल-मुतफ्फिफीन ही स्वतंत्र सूरा आहे. ती आपण तराजूशी जोडतो. आम्ही म्हणतो, ती मोजपट्टीलाही लागू आहे.

यावर एक शंका घेतली जाते. यंत्राचे, पुलाचे आरेखन ठीक. पण नाटक-सिनेमाचा देखावा, प्रदर्शनाचा मांडव, जाहिरातीसाठी उभारलेले घर, हे सारे तर खोटेच असते. समोरून राजवाडा, मागे प्लायवूड आणि फळ्या. खोट्या वस्तूच्या मापात खरेपणा कशाला? पण नीतीचा धडा इथेच अधिक स्पष्ट होतो. राजवाडा खोटा असला तरी त्याची पायरी खरी असावी लागते, कारण तिच्यावरून नट खराखुरा चढतो. सज्जा खोटा, पण त्यावर उभ्या राहणाऱ्या दहा माणसांचे वजन खरे. दौऱ्यावर निघालेल्या नाटकाचा देखावा घडी होऊन गाडीत मावला पाहिजे आणि लहानमोठ्या रंगमंचांवर बसला पाहिजे. प्रेक्षकाला भास दाखवायचा असेल, तर सुताराशी सत्यच बोलावे लागते. कल्पनेच्या धंद्यात आरेखक हा सत्याचा रखवालदार असतो.

या धंद्यात आपल्या माणसांची परंपरा आहे आणि ती मराठी मातीतली आहे. शेख फत्तेलाल हे नाव आजच्या किती मुलांना माहीत आहे? लोक त्यांना साहेबमामा म्हणत. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली ते आणि विष्णुपंत दामले तयार झाले. तिथे पडदे रंगवणे, देखावे उभारणे आणि यंत्रे जुळवणे ही कामे एकाच छपराखाली चालत. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा फत्तेलाल तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. प्रभातच्या चित्रपटांतले महाल, मंदिरे आणि गावे त्यांच्या कलादिग्दर्शनाखाली उभी राहिली. दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. एका मुसलमान कलावंताने तुकोबांचे देहू उभे केले, आणि महाराष्ट्राने ते आपले देहू मानले. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि आज तिथे कलादिग्दर्शन रीतसर शिकवले जाते. हिंदीत ‘मुघल-ए-आझम’च्या शीशमहालाचे कौतुक आपण करतो. त्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक एम. के. सय्यद होते, हे मात्र कौतुकात राहून जाते.

तरीही घराघरांत ऐकू येते, ‘ड्रॉइंग कशाला? चित्रं काढून पोट भरतं का?’ कुठे त्याला धर्माचे कारण जोडले जाते. सजीवाच्या चित्राविषयी उलेमांमध्ये जी चर्चा आहे ती आहे. पण चौकोन, कमान, जिना आणि जाळी यांना तिचा धक्का कसा लागणार? उलट आपल्या पूर्वजांनी याच विद्येत उंची गाठली. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बुझजानी या गणितज्ञाने खास कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. त्यात भूमितीकार आणि कारागीर यांच्या बैठकीचा उल्लेख आहे. तीन सारखे चौरस कापून एक मोठा चौरस कसा करावा, हा प्रश्न होता. कारागीर डोळ्याला बरोबर दिसेल ते खरे धरीत, पण त्यांची जुळणी मापाला उतरत नसे. भूमितीकार सिद्धता देत, पण कापायचे कसे हे त्यांना सांगता येत नसे. अल-बुझजानीने दोघांच्या उणिवा सांगितल्या आणि कापताही येईल व सिद्धही होईल अशी रीत दिली. १२०६ साली अल-जझरीने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात आकृत्यांच्या भागांना अक्षरे देऊन कृती सांगितली आहे, म्हणजे दुसऱ्याला ते यंत्र करता यावे. विद्या मुठीत न ठेवता कागदावर उतरवणे, हे त्या माणसाचे औदार्य होते.

अल-बुझजानीची बैठक आजही भरायची आहे. कारण दोष दोन्हीकडे आहे. कागदवाला कधी रंधा हातात धरत नाही, म्हणून त्याच्या खोलीत दार पुरते उघडत नाही. मिस्तरी कधी कागद काढत नाही, म्हणून त्याचे हुनर त्याच्याबरोबर कबरीत जाते. आणखी एक गोष्ट आपण बेधडक करतो. एकाकडून नकाशा काढून घ्यायचा, मोबाईलवर फोटो मारायचा आणि दुसऱ्या स्वस्त मिस्तरीकडून काम करून घ्यायचे. लाकूड चोरले तर आपण चोर म्हणतो, रेघ चोरली तर हुशार म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आकृती, नकाशा आणि आराखडा यांना कलाकृती मानले आहे. मग त्यांत कलागुण असोत वा नसोत. कायद्याला जे कळले ते आपल्या ईमानाला कळू नये?

कोणी म्हणेल, आता संगणक सगळे काढतो. ऑटोकॅड १९८२ साली आले आणि ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. आता तर शब्द सांगितले की चित्र तयार होते. खरे आहे. पण संगणक रेघ काढतो, सही करीत नाही. पायरी मोडली तर जबाब त्याला द्यावा लागत नाही. म्हणून रेषेचा वेग वाढला तसा आरेखकाचा विवेक अधिक लागणार आहे, कमी नाही.

शिकायला फार दूर जावे लागत नाही. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमध्ये भूमितीचा पेपर असतो. इंटरमिजिएटला घनभूमितीही येते. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, स्थापत्याचा वेगळा आणि यांत्रिकीचा वेगळा. ज्या घरात तीन पिढ्या रंधा चालला, त्या घरातल्या मुलाने, आणि मुलीनेही, हे शिकावे. बापाच्या हातातले सूत आणि लेकीच्या कागदावरचे मिलिमीटर एका टेबलावर आले, तर त्या कामाचा दर दुसरा कोणी ठरवणार नाही.

पण शिकवताना पहिल्याच दिवशी मुलांना सांगावे की रेघ ओढणे म्हणजे शब्द देणे आहे. ज्याला तो दिला तो माणूस समोर नाही, म्हणून तर तो अधिक पाळायचा. एवढे मनात रुजले, तर पारोळ्याच्या मोहल्ल्यातून निघालेला कागद मुंबईच्या कुठल्याही स्टुडिओत जाऊ दे, त्याच्या कोपऱ्यातले नाव बेलाशक विश्वासाने वाचले जाईल.