नाकाला एक न्याय, स्तनाला दुसरा

नाशिक हे नाव कसं पडलं, याची गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पंचवटीत लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं, नासिका पडली, म्हणून नाशिक. गाव नऊ टेकांवर वसलं म्हणून हे नाव, अशीही एक व्युत्पत्ती सांगतात. पण तपोवन दाखवायला नेलेल्या पाहुण्याला आपण ऐकवतो ती नाकाचीच. कंबनाच्या तमिळ रामायणात या प्रसंगी नाक-कानांबरोबर स्तनही कापले जातात. वाल्मीकींच्या कथेत तेवढं नाही, आणि आपणही ते सांगत नाही. पुराणातल्या गोष्टीवर आज खटला भरण्यात अर्थ नाही. तिच्यासारख्या गोष्टींतून डोक्यात बसलेलं एक समीकरण मात्र तपासायला हवं: बाईचा अवयव गेला म्हणजे तिला शिक्षा झाली, आणि शिक्षा झाली म्हणजे तिनं काहीतरी केलंच असणार.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला भेटायला माणसं येतात. शहाळं आणतात, केळी आणतात, आणि उठता उठता म्हणतात, "काय भोग असतात एकेकाचे!" बोलणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणारीच्या कानात मात्र निकाल पडतो.

आता नाकाचीच दुसरी गोष्ट. ती पुराणातली नाही, इतिहासातली आहे आणि घडली पुण्याजवळ. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बेतला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन्ही डोळ्यांच्या मधला एक देठ मात्र तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहावं म्हणून. कातडी वळवून खाली बसवली आणि विड्यातला कात पाण्यात कालवून त्याच्या पट्ट्या वर ठेवल्या. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी हे समोर बसून पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासह छापून आलं. १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज सर्जननं त्याच रीतीनं लंडनमध्ये नाक बसवलं. आजची प्लास्टिक सर्जरी आपली वंशावळ सांगताना सुश्रुताच्या जोडीनं या पुणेरी कपाळाचं नाव घेते.

कावसजीला कोणी विचारल्याची नोंद नाही, की "बाबा, श्वास तर घेता येतो ना? मग नाक कशाला?" त्याला नाक हवं होतं, याचं कुणाला नवल वाटलं नाही. गेलेलं नाक परत मिळवणं म्हणजे माणसात परत येणं, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं.

तीच कला आता स्तनासाठी वापरली जाते. तत्त्व जुनंच: अंगाचाच एक भाग, रक्ताच्या देठासह, जिथे उणीव आहे तिथे नेऊन बसवायचा. कधी पाठीवरचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे वळवतात. कधी ओटीपोटाची कातडी आणि चरबी घेऊन तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. कधी सिलिकॉनचं इम्प्लांट ठेवतात. हे काम स्तन काढताना त्याच वेळी होऊ शकतं, किंवा केमो, रेडिएशन सगळं आटोपल्यावर काही महिन्यांनी, वर्षांनीही. आणि इथे मात्र घरातलं प्रत्येक माणूस विचारतं, "जीव वाचला ना? मग आता हे कशाला?"

नाकाला एक न्याय आणि स्तनाला दुसरा, हे कसं? उत्तर अवघड नाही, अवघडवाणं आहे. नाक ज्याचं त्याचं असतं, असं आपण मानतो. स्तन मात्र बाईचे स्वतःचे आहेत हे आपण मनातून कधी मान्यच केलेलं नाही. ते नवऱ्यासाठी असतात, बाळासाठी असतात. म्हणून पन्नाशीच्या बाईला सांगितलं जातं, "मुलं मोठी झाली, आता काय करायचंय?" आणि पंचविशीच्या मुलीच्या आईला सांगितलं जातं, "करून टाका, उद्या लग्न व्हायचंय." एकीला नकार, दुसरीला होकार; पण दोन्ही सल्ल्यांमधून जिचं शरीर आहे ती गायब. ब्लाऊज एका बाजूला ओघळतो तो तिचा. चालताना तोल एकीकडे जातो तो तिचा. आंघोळ करताना मान वर करून भिंतीकडे बघत पाणी घेते, तीही तीच.

भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण स्त्रिया होत्या. त्यातल्या पुष्कळजणी चाळिशी-पन्नाशीतल्या, म्हणजे ऐन कामाच्या, संसाराच्या वयातल्या. गाठ लवकर सापडली तर प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावा लागतो असंही नाही. फक्त गाठ काढून पुढे रेडिएशन दिलं, तरी आयुर्मान तेवढंच राहतं, हे वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून सिद्ध झालेलं आहे. एके काळी नाशिककरांना उपचार म्हणजे पहाटे पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून परळ आणि १९४१ पासून उभं असलेलं टाटा रुग्णालय, एवढाच रस्ता माहीत होता. आता कर्करोगाची रुग्णालयं नाशकातही आहेत. अंतर कमी झालं. विचारायची भीड तेवढी कमी झाली नाही.

"नवा स्तन केला तर रोग उलटेल," ही भीती घरोघरी असते. पुनर्रचनेमुळे रोग उलटण्याची शक्यता वाढते, असं इतक्या वर्षांच्या अनुभवात दिसलेलं नाही. ती कधी करावी, कोणत्या पद्धतीनं करावी, रेडिएशन द्यायचं असेल तर थांबावं का, हे प्रश्न खरे आहेत आणि ते डॉक्टरांपुढे मांडायचे आहेत. शेजारणीपुढे नाहीत.

समजा, तिनं ठरवलं, आणि ऑपरेशन झालं. खरी कसोटी इथून पुढे आहे आणि ती तिची एकटीची नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. त्या मुंगीला वाट द्यायची ती घरानं. कुशीतून निघालेली ड्रेनची नळी, तिच्या टोकाची बाटली, तिच्यात आज किती मिलिलिटर पाणी आलं ते वहीत लिहायचं. पोटाचा भाग घेतला असेल तर पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं, निजताना गुडघ्यांखाली उशी आणि खोकताना पोटावर उशी. डोक्यावरून घालायचे कपडे नकोत, पुढून उघडणारे हवेत. साधारण सहा आठवडे हंडा नाही, गॅसची टाकी नाही, कडेवर नातू नाही. नव्या स्तनाला संवेदना फार कमी असते, कधी नसतेच. म्हणून आपल्या घरांतला तो हुकमी उपाय, गरम पाण्याची पिशवी, तिथे चुकूनही ठेवू नये. भाजलं तरी तिला कळणार नाही. आणि मिश्री! तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेला भाग दगावू शकतो. ‘दात घासायची मिश्री’ म्हणून ती डॉक्टरांना सांगायची राहून जाते. ती सांगायचीच, आणि ऑपरेशनच्या आधीच सोडायची.

हात हळूहळू मोकळा करावा लागतो. भिंतीला तोंड करून बोटांनी वर चढत जायचं, काल पोचलो त्याच्या जरा वर. हे शहरातल्या नोकरदार बाईला जमेल. पण निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागेतली मजूर बाई? तिचं सगळं काम मांडवाखाली हात वर करून: घडांची विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग. दोन्ही हात दिवसभर डोक्याच्या वर. तिला डिस्चार्जच्या कागदावर ‘विश्रांती घ्या’ एवढंच लिहून दिलं, तर ती थट्टा ठरते. बागायतदारानं तिला दोन महिने बसून करायचं काम दिलं, पॅकिंगला घेतलं, तर तो उपकार होणार नाही. ज्या हातांनी निर्यातीची द्राक्षं पिकवली, त्यांचं ते देणं आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. त्यातला एक भाग मात्र निव्वळ अज्ञानाचा आहे. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच कलमाचं पुढचं अर्धं वाक्य कोणी वाचत नाही. विमा नियामकानं २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेत अपघात, भाजणं आणि कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला या वगळणुकीतून बाहेर ठेवलं आहे. तेव्हा ‘हे सौंदर्यासाठी आहे, बसत नाही’ असं काउंटरवर ऐकू आलं, तर पॉलिसीचा कागद उलगडून बोट ठेवावं. अमेरिकेत १९९८ मध्ये कायदाच झाला: स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेनं पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवून घेण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च दिला पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेणाऱ्या बाईनंही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला हा प्रश्न सरळ विचारावा. योजनेला नाव ज्यांचं आहे, त्यांना तो प्रश्न आवडला असता.

फुले म्हटलं की केशवपन आठवतं. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनं, विधवांचं मुंडन करणार नाही असं सभा घेऊन ठरवलं. बाईच्या डोक्यावरचा केस कोणाच्या मालकीचा, हा त्या सभेपुढचा प्रश्न होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी केमोनं केस गेलेली सवाशीण हळदीकुंकवाला जायला कचरते, कारण बोडक्या डोक्याकडे बघणाऱ्या नजरेत ती जुनी विधवा अजून बसलेली आहे. आगरकरांनी तर बायकांनी जाकीट घालावं म्हणून लेख लिहिला आणि लोक हसले. सुधारणेची सुरुवात आपल्याकडे अनेकदा अशीच, बाईच्या अंगाशी, कपड्याशी, केसाशी झालेली आहे. तेव्हा हा विषय ‘चारचौघांत बोलायचा नाही’ म्हणणाऱ्यांनी आपल्या चौघांचं घराणं एकदा तपासावं.

इथे एक सावधगिरी. उद्या ‘करूनच घे’ अशीही सक्ती सुरू होईल. नवरा म्हणेल, मुलगी म्हणेल. तीही तेवढीच चूक. पुष्कळ बायका विचार करून सांगतात: आणखी भूल नको, आणखी टाके नकोत, मी आहे तशी बरी. कोणी ब्लाऊजमध्ये सुती दोऱ्यानं विणलेला हलका कृत्रिम स्तन घालतं, कोणी काहीच घालत नाही. सपाट छातीनं ताठ चालणारी बाई अपुरी नसते. नवा स्तन करून, पुढे त्यावर स्तनाग्राचा रंग गोंदवून घेणारी नटवी नसते. न्याय एवढाच की दोन्ही वाटा तिला आधी सांगितल्या जाव्यात, आणि निवड तिनं करावी.

‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. स्तन काढायच्या कागदावर सही घेण्यापूर्वी पुनर्रचनेबद्दल तिच्याशी, तिच्या भाषेत, सावकाश बोललं गेलं पाहिजे. नवऱ्याला बाजूला घेऊन नव्हे. राज्यभरातल्या डॉक्टर-नर्सचा अभ्यासक्रम ठरवणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. ही अर्ध्या तासाची बातचीत शिकवण्याची, तिची परीक्षा घेण्याची सुरुवात म्हसरूळच्या या विद्यापीठापासून व्हायला हरकत काय?

त्या कारागिराच्या कामात अखेरचा एक टप्पा होता. कावसजीला पाच-सहा दिवस उताणं झोपवलं होतं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवी कातडी खालून स्वतःचं रक्त घेऊ लागली तेव्हा, तो मधला देठ कापला. आधी कापला असता तर नाक सुकून गेलं असतं. कापलाच नसता तर ते कपाळाला बांधलेलं राहिलं असतं.

घरच्यांचं काम त्या देठाचं. तिची बाटली मोजायची, स्वयंपाक उरकायचा, भेटायला आलेल्यांचे भोग-बिग दारातच थांबवायचे. आणि तिचं ती घेऊ लागली की बाजूला व्हायचं.