कागदाची पाठ

छायाचित्र चौकटीत घालणे आणि पारदर्शक ॲक्रिलिकला चिकटवणे यांत मला नैतिक फरक दिसतो. चौकट उघडता येते. १९६९ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या ‘डायसेक’ पद्धतीत मात्र छायाचित्राची दर्शनी बाजू सिलिकॉनने ॲक्रिलिकला कायमची जोडतात. मधली हवा जाते, तिथले परावर्तन संपते, म्हणून काळा रंग विहिरीतल्या पाण्यासारखा खोल दिसतो. आंद्रेआस गुर्स्की यांची प्रचंड चित्रे अशीच दिमाखात उभी राहिली. पण ॲक्रिलिकवर ओरखडा उठला की तो चित्राचाच होतो. आतला कागद धडपणे सोडवता येत नाही.

गुर्स्कींना चित्र पुन्हा छापता येईल. आमच्या आजीच्या एकुलत्या एका प्रतीचे काय? तिच्या पाठीवर गावाचे नाव मराठीत आणि स्टुडिओचा शिक्का कानडीत आहे. मागे फळी बसली की दोन्ही गेली. (आमच्या भागात वाद होतात ते चेहऱ्यांवरून थोडेच, अक्षरांवरूनच!) आज भिंत शोभावी म्हणून तो कागद उलटून पाहण्याचा नातवंडांचा हक्क आपण का हिरावावा? नक्कल खुशाल चिकटवा. अस्सल कागद पिवळा पडेल, कोपरे मुडपतील; तरी आम्ही तो पेटीत सुटाच ठेवला आहे.