वेगळं करून आणा

इंदूरच्या विजय नगरात, स्कीम नंबर ५४ मध्ये, एक मराठी गृहस्थ राहत होता. माणूस वाईट नव्हता. डोकं मात्र क्षणात फिरायचं. फिरलं की हाताला लागेल ते फेकायचा आणि मग रात्रभर स्वतःलाच खात बसायचा.

एका सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं तसा तो बादली घेऊन धावला. गाडीवरच्या बाईंनी आत डोकावून हात मागे घेतला. "भैयाजी, मिलाकर नहीं चलेगा. अलग करके लाओ."

झालं! आवाज चढला, शेजारची माणसं गॅलरीत आली. बाई उलट बोलल्या नाहीत, पण बादलीही घेतली नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर राखणारं शहर ते. तिथे ओरडण्याने काय होणार? ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो, त्याचा गॅस होतो, त्यावर शहरातल्या बस धावतात. त्यात काच कशी चालेल? गाडी पुढे निघून गेली.

धुसफुसत तो फाटकाशी उकिडवा बसला आणि कचरा निवडू लागला. वर काचेच्या कपाचे तुकडे. काल संध्याकाळी चहा गार म्हणून त्यानेच भिंतीवर भिरकावलेला कप. त्याखाली एक चोळामोळा झालेला कागद: दुपारी साहेबांनी चारचौघांत समोर फेकलेला, खिशातून घरापर्यंत आलेला. आणि तळाशी डब्यातली पोळी-भाजी, जशीच्या तशी.

चहा तसा गार नव्हताच.

आई बाहेर आली. "अरे, गाडी गेली ना? मग आता कशाला निवडतोस?"

"बघतोय, आई."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन बादल्या नेल्या. माफी मागायची होती, तोंडातून एवढंच निघालं, "दीदी, देख लो."

त्या संध्याकाळी विजय नगर चौकात अर्धा तास गाड्या तुंबल्या होत्या. मागचा हॉर्न थांबेना. तो घरी आला तेव्हा चेहरा बघूनच आईने चहा स्टीलच्या पेल्यात आणला. त्याने पेला उचलला. हात थरथरत होता. मग पेला त्याने हळूच खाली ठेवला.

"आई, दुपारी जेवलोच नाही मी. साहेब आजही बोलले."

आईने पदराला हात पुसले आणि तवा चढवला.